मंत्रीसाहेब, गारपिटीचा अभ्यास करणारी टीम नागपुरातून निघू द्या

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा, काकांचं वावर काटोलकडे, संत्र्याचं. मागे एका मार्चात मी तिथंच होतो, दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होत आलं, आधी टिनावर एकदोन गारा वाजल्या आणि मग वीस मिनिटं शेजारी बसलेल्या काकांचं बोलणंही ऐकू येईना. बाहेर आलो तर झाडाखाली आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या संत्र्याची) बोराएवढी फळं आणि तेवढ्याच गारा, सगळा एकच सडा. गारा वितळून गेल्या, फळं तशीच पडून. अलर्ट होता साहेब, पण अख्ख्या जिल्ह्याला, आणि पाच किलोमीटरवरच्या गावात थेंबही नाही.

आता बघा, नागपूर विमानतळाजवळच्या सोनेगावहून हवामान खात्याचा, वरच्या हवेचं तापमान, ओल आणि वारा मोजणारा बलून सुटतो पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या आसपास, आणि आमच्याकडचं वादळ शिजतं भर दुपारी, म्हणजे नेमकं तेव्हाच वरच्या हवेत काय चाललंय ते मोजायला कोणी नाही. ढगातला पाऊस, गारा आणि वारा टिपणारं नागपूरचं डॉप्लर रडार चांगलंच आहे, पण पृथ्वी गोल, त्यामुळे १०० किलोमीटरवर त्याचा सगळ्यात खालचा बीमसुद्धा (रेडिओ लहरींचा झोत) जमिनीपासून दीडेक किलोमीटर वर जातो, खालचं दिसतच नाही.

अमेरिकेत अशाच वादळांतून उठणाऱ्या टोर्नेडोंच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या वावटळींच्या अभ्यासासाठी व्होर्टेक्स मोहीम झाली, १९९४-९५ ला आणि मग २००९-१० ला, ट्रकवर रडार बसवून. ५ जून २००९ ला वायोमिंगमध्ये त्यांनी एक टोर्नेडो जन्मापासून विरेपर्यंत मोजला. आपल्याकडे २००५ पासून कालबैसाखीसाठी, म्हणजे उन्हाळ्यातल्या गडगडाटी वादळांसाठी, पूर्व भारतात स्टॉर्म प्रकल्प झाला, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापुरात ढगांवर काम केलं. मग गारपिटीसाठी विदर्भ का नको? २०१४ ची गारपीट इथं कोणीच विसरलेलं नाही.

माझं म्हणणं असं की रडारचे ट्रक आणि बलून घेऊन एक टीम इथं फिरू द्या, फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, आणि सलग दोन सीझन, कारण एखाद्या वर्षी वादळंच कमी आली तर सगळी मेहनत वाया. सकाळचा बलून बघून नऊपर्यंत ठरवायचं, वरुड की काटोल की रामटेक, बारापर्यंत ट्रक तिथं पोचले पाहिजेत आणि दुपारभर दर दोन-तीन तासांनी बलून. हवामान अंदाज सुधारण्याच्या तुमच्या मिशन मौसम योजनेला २०२४ मध्ये २००० कोटी मंजूर झालेत, त्यामुळे पैशांपेक्षा मला परवानग्यांची काळजी जास्त वाटते. फिरत्या रडारला फ्रिक्वेन्सीचं लायसन्स, विमानतळाजवळ जास्तीचे बलून सोडायला एटीसीची (विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची) मंजुरी, कलेक्टर, पोलीस, ही एकेक फाईल महिनोन्‌महिने चालते आणि ती तुमच्या एका फोनने हलेल. दिवाळीच्या आधी हललं तरच फेब्रुवारी गाठता येईल.

गारा मोजायला थर्माकोलवर ॲल्युमिनियम फॉइल लावलेले पॅड ठेवतात, गार पडली की खळगा पडतो, त्यावरून तिचा आकार कळतो. ते शेकड्यांनी लागतील, आणि ते सांभाळायला शेतकरी तयार आहेत, मी चार गावांत विचारून आलोय. काकांच्या विहिरीजवळ मोकळी जागा आहे, लाईट आहे, ट्रक वळेल एवढा रस्ता आहे. तुमच्या शास्त्रज्ञांना कधीही पाठवा.

आपला,
एक नागपूरकर