विसराळूपणाचा साखरेशी संबंध

महोदय,
‘वय झालं, विसरणारच’ असं म्हणून आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विसराळूपणा सोडून देतो. त्यांच्या वाढलेल्या साखरेचा मेंदूशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. वास्तविक नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इन्शुलिनचे भरपूर रिसेप्टर (त्याचा संदेश टिपणारे पेशींवरचे रेणू) असतात. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की मेंदूतही तेच घडू शकतं. त्यात आणखी एक मेख आहे. इन्शुलिनचं विघटन करणारं एक एन्झाइम अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाचाही निचरा करतं. इन्शुलिन सतत जास्त राहिलं तर ते एन्झाइम तिथेच गुंतून पडत असावं, असा एक तर्क आहे. (तर्कच, सिद्ध झालेलं नाही.)

मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक, हे मात्र अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालातल्या स्मृतिभ्रंशाच्या १४ जोखीम घटकांत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत.

म्हणून लगेच वजन घटवणाऱ्या औषधांमागे धावू नये. त्यांपैकीच एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या, अल्झायमरच्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये आले. सुरू झालेला अल्झायमर त्याने मंदावला नाही. या औषधांच्या कौतुकाला वृत्तपत्रांनी जेवढी जागा दिली, तेवढीच या निकालालाही द्यावी.

– एक वाचक