अनब्रँडेड गिटार, भरपाई 1,500 रुपये: माझी चौथी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : तुमच्या ॲपवरून विकलेली हाताने बनवलेली गिटार खराब करून परत पाठवल्याबद्दल

नमस्कार साहेब / मॅडम,

आधीच्या तीन तक्रारी चॅटवर केल्या, तिन्ही वेळा "असुविधेबद्दल क्षमस्व" येऊन तिकीट बंद झालं, म्हणून आता बसून सविस्तर लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

गिटार 2011 ची. गोव्यातल्या एका कारागिराकडून सांगून बनवून घेतलेली, पाच महिने लागले, पैसे हप्त्याहप्त्याने दिले. वरची फळी स्प्रूसची, मागची आणि बाजूची शिसवीची, आणि पॉलिश चपड्याचं. म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर हाताने घासत जायचं, स्प्रे वगैरे काही नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे सगळी वाट इथेच लागली. विकायची का, तर डाव्या हाताच्या बोटांचं ऑपरेशन झालं, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरवत नाही, स्टीलच्या तारा दाबल्या की रात्रभर ठणका. दोन वर्षं केस कपाटावर पडून होती आणि मला तिच्याकडे बघायलाच नको वाटायचं. शेवटी बायको म्हणाली वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे, तिथे तरी वाजेल. पटलं.

तुमच्या ॲपवर टाकायला गेलो तर पहिलीच अडचण, ब्रँड निवडल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही. हाताने बनवलेली असा पर्यायच नाही. मी "इतर" निवडलं, तुमच्या सिस्टीमने आपलं आपण "अनब्रँडेड / लोकल" करून टाकलं. तेव्हाच थांबायला हवं होतं खरं तर. पण नागपूरच्या एका मुलाने आठवडाभर प्रश्न विचारले, तारा कुठल्या गेजच्या, बाराव्या फ्रेटवर ॲक्शन म्हणजे तारांची उंची किती, पाठीला चीर आहे का, असं विचारणारा माणूस भेटल्यावर बरं वाटतं हो, 58,000 ला सौदा ठरला.

12 मे ला पिकअप झालं. मी तारा दोन सूर उतरवल्या होत्या, हेडस्टॉकखाली टॉवेलची घडी, केसमध्ये ओलाव्याची पुडी, वर कार्डबोर्डचा बॉक्स. शिवाय तुमची "सुरक्षित पाठवणी" 899 रुपये भरून घेतली. गिटार भिवंडीच्या गोडाऊनला तपासणीला गेली आणि तुम्हीच मला 40 सेकंदांचा व्हिडिओ पाठवलात. त्यात एक मुलगा क्लिपचा ट्यूनर लावून तारा पूर्ण सुरात चढवतोय आणि जी कॉर्ड वाजवतोय. छान वाजवला, त्याच्यावर माझा राग नाही. पण नंतर तारा परत उतरवल्या नाहीत, आणि व्हिडिओच्या शेवटच्या पाच सेकंदांत त्याने बारकोडचा स्टिकर काढून थेट वरच्या फळीवर, साउंडहोलच्या खाली, अंगठ्याने दाबून चिकटवला. केसवर नाही, बॉक्सवर नाही, फळीवर! मी तो व्हिडिओ बघताना अक्षरशः खुर्चीतून उठलो.

सहा तारा सुरात असल्या की साधारण 70 किलोचा ताण ब्रिजवर, म्हणजे तारा अडकवायच्या फळीवरच्या लाकडी पट्टीवर असतो. वर नागपूरचा मे महिना, बंद गाडीत किती तापलं असेल तुम्हीच सांगा, सरस मऊ पडला आणि ब्रिजची मागची कड उचलली गेली, पोस्टकार्ड आत सरकतं एवढी फट. लाखही उन्हाने मऊ होते, त्यामुळे स्टिकर नुसता चिकटला नाही, रुतला.

आता खरी गंमत ऐका. गिटार घेणाऱ्या नागपूरच्या मुलाने स्टिकर निघेना म्हणून तुमच्याच चॅटवर विचारलं आणि तुमच्या माणसाने (किंवा मशीनने, काय असेल ते) सांगितलं की हँड सॅनिटायझर लावून पुसा. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल. लाख ज्यात विरघळवतात तेच. बिचाऱ्याने तुमचं ऐकून पुसलं आणि दोन बाय तीन इंचाचं पॉलिश बोळ्याबरोबर निघून आलं, खाली पांढरं लाकूड. त्या चॅटचा स्क्रीनशॉट त्यानेच रिटर्नच्या अर्जाला जोडलाय, तुमच्याकडेच आहे, उघडून बघायचे कष्ट घ्या.

यावर तुमचा निकाल काय, तर "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, चूक विक्रेत्याची". त्याचे पैसे परत केलेत, बरोबरच केलंत. पण 6 टक्के कमिशनचे 3,480 दंड म्हणून माझ्या वॉलेटमधून वजा, खात्यावर लाल शेरा, आणि भरपाई 1,500, कारण अनब्रँडेड वस्तूला तेवढीच मर्यादा आहे म्हणे. मग सौदा 58,000 चा झाला तेव्हा कमिशन 1,500 वर का नाही कापणार होतात?

दुसऱ्या एजंटने तर कहर केला, म्हणाला शिसवी हे प्रतिबंधित लाकूड आहे त्यामुळे संरक्षण लागूच होत नाही. अहो, तो सायटिसचा, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम देशाबाहेरच्या व्यापाराचा, 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्या जातभाईंना लागला आणि तयार वाद्यांना 2019 च्या शेवटी त्यातून सूट मिळाली. पुणे ते नागपूर मध्ये कुठली सरहद्द लागते?

गिटार परत आल्यावर मी मिरजेला घेऊन गेलो. सतारी-तंबोऱ्यांना हेच चपड्याचं पॉलिश असतं, तिथल्या लोकांच्या हाताला ते काम रोजचं. त्यांनी फळी तिरकी धरून उजेडात बघितली आणि म्हणाले ठिगळ लावलं तर कायम दिसेल, अख्खी फळी उतरवून नव्याने करावी लागेल, 6,000. ब्रिज काढून पुन्हा बसवायचे पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याने 3,500 सांगितले. दोन्ही एस्टिमेट सोबत जोडलीत. आणि हो, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुमच्या फॉर्मवर तोही तंबोरा "अनब्रँडेड / लोकल"च ठरेल आणि फुटला तर 1,500 मिळतील.

मला हवंय ते एवढंच : दुरुस्तीचे 9,500, कापलेले 3,480 आणि पाठवणीचे 899, म्हणजे एकूण 13,879 रुपये, खात्यावरचा तो लाल शेरा काढणं, आणि तुमच्या गोडाऊनमध्ये वाद्याच्या अंगावर स्टिकर लावू नका अशी लेखी सूचना, तिची प्रत मला. बोट दुखतंय, मन दुखावलंय याचे पैसे मागत नाहीये. ई-कॉमर्सच्या नियमाप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नाही दिलंत तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंत तिथे फीसुद्धा नाही आणि मला सध्या वेळच वेळ आहे, गिटार तर वाजवता येत नाही.

अजून एक, हे पैशाचं नाही. तुमच्या ॲपवर नंबर लपवलेला असतो आणि रिटर्न झाल्यावर चॅटही बंद होतं, त्यामुळे मला त्या नागपूरच्या मुलाशी बोलता येत नाहीये. रिटर्नच्या कारणात त्याने शेवटी लिहिलं होतं, "काकांना सॉरी सांगा, माझ्या हातून झालं." त्याला कृपया कळवा की त्याच्या हातून काही झालेलं नाही, मिरजेचं काम गणपतीपर्यंत होईल, आणि त्याला अजून हवी असेल तर गिटार मी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. त्याने येऊन घेऊन जावी. कुरियरने पाठवणार नाही.

आपला ग्राहक,
पुणे

सोबत : व्हिडिओ, सॅनिटायझरवाल्या चॅटचा स्क्रीनशॉट, दोन एस्टिमेट, ब्रिजच्या फटीत पोस्टकार्ड घातलेला फोटो