आधी झाकण उघडा

संपादक साहेब, जुन्या क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं साल लोक नुसती डायल बघून ठोकून देतात ते काही पटत नाही हो, डायल बदलता येते, काटे पण, म्हणून आधी मागचं झाकण उघडून मशीन बघा. ओमेगा स्पीडमास्टरमध्ये 321 नंबरचं मशीन असेल तर कॉलम व्हील दिसतं, बुरुजासारखे दात असलेलं छोटंसं चाक, 1968 च्या सुमारास 861 नंबरचं मशीन आलं तेव्हा ते चाक गेलं. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफ तर 1969 च्या आधी बाजारात नव्हतेच, त्यामुळे कुणी 1962 चं म्हणून दाखवलं की सरळ हसावं. सेइको 6139 या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफचं सोपंय, झाकणावरच्या सिरीयल नंबरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. फक्त झाकण मूळचंच आहे ना तेवढं बघा!