गोव्याला चोडणच्या घरी, हॉलंडहून

उत्रेख्त, एप्रिलअखेर

ती. आई आणि बाबांस,
बायचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी तब्येतीचं सांगते, नाहीतर आई पुढचं वाचणारच नाही. मी ठणठणीत आहे. वजन उतरलेलं नाही. फोटोत गाल बसलेले दिसले ते वाऱ्यामुळे. ऑफिस, खोली, स्वयंपाक सगळं नेहमीसारखं चाललंय, ते फोनवर होतंच. सायकलवरच्या सुटीचं मात्र नीट सांगता आलं नाही. आईने "एकटी?" म्हणून विचारलं आणि बोलणं तिथेच अडलं.

एकटी नव्हते. ऑफिसमधली कोइमतूरची मैत्रीण बरोबर होती. रस्त्याचीही काळजी करू नका. इथे सायकलींना तांबड्या डांबराचा वेगळा रस्ता असतो, चौकात वेगळा सिग्नल असतो आणि गावाबाहेर बांधावरून जाताना कितीतरी वेळ मोटार दिसत नाही. इथलं कोणी सहसा घालत नाही, तरी मी हेल्मेट घातलं होतं. काळोखाच्या आत मुक्कामाला पोचायचो, आणि या दिवसांत काळोख नऊनंतर पडतो. घाई कसलीच नव्हती. दमलं की गवतावर बसायचं, थर्मासातलं सोलांचं सार प्यायचं. आई, तू दिलेली सोलां अजून पुरवून वापरते आहे.

स्खोनहोवनला लेक नदी फेरीबोटीने ओलांडली. बोटीची फळी धक्क्याला लागली तो आवाज थेट आपल्या रायबंदरच्या फेरीबोटीचा. मैत्रीण काहीतरी बोलत होती, माझं लक्षच नव्हतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. पुढे किंडरडाइक नावाचं गाव आहे. तिथे १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. १९९७ साली त्यांना जागतिक वारशात घेतलं. लोक फोटो काढत होते, मी पाणी कुठून कुठे जातं ते बघत होते. शेतं नदीपेक्षा खाली. चक्क्या शेतातलं पाणी उचलून वरच्या तळ्यात टाकायच्या, आणि नदी उतरली की दार उघडून ते नदीत सोडायचं. आता ते काम पंप करतात. आपल्या बांधातल्या दारांना, मानशीला, वारा नको, पंप नको. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. रात्री मुक्कामाच्या घरी मी हे कागदावर काढून दाखवलं. घरचे आजोबा जुने शेतकरी. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, दार कुठल्या लाकडाचं, आणि बांधाला भोकं कोण पाडतं? मी म्हटलं, कुर्ल्या. त्यांच्याकडे मस्करॅट नावाचा उंदरासारखा प्राणी बांध पोखरतो, आणि त्याला पकडायला पगारी माणसं नेमलेली आहेत! बांध आणि पाणी बघणारी २१ मंडळं आहेत या देशात, त्यातली जुनी तेराव्या शतकापासूनची. त्यांच्या निवडणुका होतात, घरपट्टीसारखा कर घेतात. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले तेव्हा १,८३६ माणसं गेली. म्हणून बांधाच्या खर्चाबद्दल इथे कोणी हयगय करत नाही. तुम्ही चिखलात उभे राहून बांध बांधायचात ते मला त्या रात्री फार आठवलं.

त्याच घरातली एक गोष्ट आईला आणि आजीला सांगायलाच हवी. इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. खरंच. संडास लख्ख असतो, खिडकीत फुलं ठेवलेली असतात, तरी संडासच तो. त्या कॅलेंडरवर महिना आणि तारखा असतात, वार नसतात, म्हणून एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. नातवंडं, शेजारी, भाचे, सगळ्यांची नावं हाताने लिहिलेली. मी त्या घरच्या आजींना विचारलं, इथेच का? त्या म्हणाल्या, घरातलं प्रत्येक माणूस रोज इथे येतं आणि निवांत बसतं, मग कुणाचा दिवस विसरेल कसा? आणि वाढदिवस ज्याचा त्याचंच अभिनंदन करून भागत नाही. आईचं, बापाचं, भावाचं, शेजारणीचंही करायचं. त्या दिवशी त्यांच्या नातीचा वाढदिवस होता, म्हणून मी आजींशी हात मिळवून "अभिनंदन" म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला! आपल्या आजीला अजून पटणार नाही, पण त्यात अनादर काही नसतो.

पुढे बेतुवे भागात सफरचंद, नासपती, चेरी सगळं फुललेलं. आपल्याकडे आता काजू संपत आले असतील. तिथे पहाटे दव गोठलं तर फूल जळतं, म्हणून शेतकरी रात्रभर झाडांवर पाणी उडवतात. पाणी गोठताना ऊब सोडतं, त्यावर कळी वाचते. सकाळी बघितलं तर प्रत्येक फूल बर्फाच्या काचेत, आणि आत पाकळी जिवंत.

शिगम्याला मार्चमध्ये रजा मिळाली नाही हे खरं आहे आई, निमित्त नव्हे. आता मिळाली ती चारच दिवस जोडून, तेवढ्यात येणं जमलं नसतं. सुटीचा खर्चही फार झाला नाही. परवा ६० हजार पाठवलेत. बाबांचा मोतीबिंदू पावसाआधी करून घ्या, उरलेले कौलांना. बाबा "पुढच्या वर्षी बघू" म्हणतील, ऐकू नकोस.

शेत विकायचं बाबा म्हणतात ते मला मान्य नाही. बांध फुटला, खारं पाणी शिरलं, कोरगुट भात लावायला माणसं नाहीत, सगळं ठाऊक आहे. तरी माझ्या दागिन्यांसाठी ते विकू नका. मला दागिने नकोत.

सावंतवाडीच्या स्थळाचं म्हणाल तर मुलगा बोलायला चांगला वाटला. पण मी कायमची परत येणार का, हे त्यांना जूनच्या आत हवंय, आणि ते मला आज सांगता येत नाही. मावशीला सरळ तसंच सांगू दे, तिला वाईट वाटलं तरी. बाबूचं मात्र माझ्यासाठी अडवू नका. ती मुलगी किती दिवस थांबेल? तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरा, मी रजा टाकते. चवथीला तर येतेच, तिकीट काढलंय.

यंदा मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, कितीला गेली ते कळवा. आणि बांध जिथे फुटलाय तिथले फोटो बाबूला पाठवायला सांगा, ओहोटी असताना काढलेले. मुक्कामाच्या घरच्या आजोबांना दाखवायचे आहेत.

तुमची,
बाय