यूपीएस घेण्याआधी आणि जोडताना

चि. गार्गीस,
अनेक आशीर्वाद.

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटरला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, घ्यायचा म्हणतेस, तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरव. लाईट गेल्यावर त्याच्या जोरावर काम रेटायचं नाही. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरताच तो असतो. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर भरतात, पण इतक्या जोरात उपसली की ती जेमतेम निम्म्याला थोडी वर देते, आणि त्यातलीही काही वीज इन्व्हर्टर सर्किट खातं. १५० वॅटच्या लोडवर दहा-पंधरा मिनिटं धर. बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी.

खोक्यावर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) ठळक छापलेलं असतं. तू वॅटचा आकडा शोध, तो बारीक अक्षरात मागे असतो आणि ६०० व्हीएला बऱ्याचदा ३६०च निघतो. एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायवर, लिहिलेले ४५० वॅट ही त्याची कमाल क्षमता, कॉम्प्युटर रोज तेवढे खेचत नाही. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला साधा डेस्कटॉप शंभर वॅटच्या आसपास राहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि ते राबत असेल, तर तीनशेच्या पुढे सहज जातो. मॉनिटरचे २०-३०, राउटरचे दहा मिळव. ही बेरीज यूपीएसच्या वॅटच्या दोन-तृतीयांशात बसली पाहिजे. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर अंदाजाची गरजच नाही.

एसएमपीएसवर ‘८० प्लस’ हा कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का असेल, तर त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. ॲक्टिव्ह पीएफसीच्या बऱ्याच एसएमपीएसना ती चालते, काहींना मुळीच नाही. मग यूपीएस धडधाकट असूनही लाईट जाताक्षणी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि दोष बॅटरीवर जातो. परवडत असेल तर प्युअर साइन वेव्हचा घे, आणि लाइन-इंटरॅक्टिव्ह घे. तो व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर बॅटरीला हात न लावता सावरतो. अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येईल, तो रिलेचा, घाबरू नकोस.

नव्या यूपीएसमध्ये बॅटरीची एक वायर कधीकधी मुद्दाम सोडवून ठेवलेली असते. माहितीपुस्तिका बघून ती आधी जोड आणि पहिल्यांदा सात-आठ तास चार्ज होऊ दे. प्लग अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटमध्येच लाव, एक्स्टेन्शन बोर्डात नको. मागचे सगळे सॉकेट बॅटरीवरचे असतीलच असं नाही, काही नुसते सर्जपासून (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून) बचाव करणारे असतात, शिक्के वाच. लेझर प्रिंटर बॅटरीच्या सॉकेटला कधीच लावायचा नाही. त्याचा फ्यूझर (कागदावर शाई पक्की करणारा गरम भाग) तापताना शेकडो वॅट एकदम ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो.

आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ती यूएसबी केबल. ती जोडली नाही, तर तू खोलीत नसताना यूपीएस बीप करत राहील आणि शेवटी कॉम्प्युटर धाडकन बंद पडेल, म्हणजे यूपीएस नसताना जे झालं असतं तेच, फक्त दहा मिनिटं उशिरा. बऱ्याच मॉडेलना विंडोज आपणहून बॅटरी म्हणून ओळखतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘क्रिटिकल बॅटरी’ला हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं) किंवा शटडाउन निवड आणि टक्केवारी ३०पर्यंत वाढव, कारण जुन्या बॅटरीचे शेवटचे टक्के भराभर संपतात. लिनक्सवर ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं. घेण्याआधी यूएसबी पोर्ट आहे ना, एवढं मात्र पाहा. स्वस्तात तो नसतो.

सगळं लागलं की चाचणी घे. उघड्या फाइली बंद कर आणि भिंतीवरचं बटण बंद कर. प्लग उपटू नकोस, त्याने अर्थिंगही तुटतं. स्क्रीन लुकलुकली नाही आणि ठरवलेल्या टक्क्याला कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, तर जोडणी बरोबर. दर दोन-तीन महिन्यांनी मिनिटभराची चाचणी पुरते. बॅटरी पूर्ण रिकामी करण्याची हौस नको, शिसं-आम्लाच्या बॅटरीला ते बाधतं.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून बंद कपाटात किंवा उन्हाच्या खिडकीशी यूपीएस ठेवू नकोस. फुगलेली दिसली तर वापर लगेच थांबव. नवी त्याच व्होल्टची आणि त्याच अँपिअर-अवरची घे, लाल वायर प्लसलाच लाव. जुनी कचऱ्यात नको, आत शिसं आहे. बॅटरीच्या दुकानात परत दे.

एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि वर सांगितलेली वॅटची बेरीज पाठव, मग कोणता घ्यायचा ते कळवते.

तुझी,
आई