मशीन आहे, वार एकच आहे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी राजापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. माझ्या वाडीतल्या एका पहिलटकरणीची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी सातव्यात झाली. सरकारी दवाखान्यात मशीन आहे, तपासणी फुकट आहे. पण डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात आणि त्या दिवशी मुतखड्यापासून अपेंडिक्सपर्यंत सगळ्यांची एकच रांग. दोनदा आमचा नंबर लागला नाही, तिसऱ्यांदा डॉक्टरच आले नाहीत. मग भाताची लावणी सुरू झाली.

शेवटी उसनवारी करून खासगीत नेली, तेव्हा सत्ताविसावा आठवडा. डॉक्टरांनी बाळाच्या डोक्याशी प्रोब बराच वेळ धरला, परत परत मोजलं. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी १० मिलिमीटरच्या आत हवी. इथे १९. सासूने विचारलं, "मग हिनं पानी कमी पियाचा काय?" हसू नका साहेब. तिला कोणी कधी काही समजावलंच नव्हतं.

हीच तपासणी १८ ते २० आठवड्यांत झाली असती तर दुसरं मत घ्यायला दिवस हातात राहिले असते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. ते तीन दिवस अर्ज पोचल्यापासून मोजतात, वाडीतून निघाल्यापासून नाही.

गर्भ पाडायलाच हवा होता, असं मी म्हणत नाही. तिने मूल ठेवलं, तो तिचा निर्णय. पण डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी बसवायची तर न्यूरोसर्जन लागतो, आणि बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवावं लागतं. आम्ही भर पावसात अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठलं.

दर महिन्याच्या ९ तारखेला आम्ही गरोदर बायांना तपासणीला नेतोच. त्या दिवशी सोनोग्राफीचे डॉक्टर बसवा आणि पाचव्या महिन्यातल्या बायांना रांगेत पुढे घ्या. महिन्यातून एकच दिवस मात्र पुरणार नाही. एखादीचा ९ तारखेला सतरावा आठवडा असतो, पुढच्या ९ला एकविसावा उलटलेला. मध्ये अजून एक दिवस हवा.

माझ्या वहीत सध्या चार नावं आहेत. त्यातल्या एकीला अठरावा आठवडा येत्या सोमवारी लागतो.

आपली,
एक आशा सेविका, राजापूर तालुका