कॅप्टन अमेरिकाला राजकारणात कुणी ओढलं नाही, तो तिथेच जन्मला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंवर लेख आला होता. त्यात असं म्हटलंय की कॅप्टन अमेरिका हे मुळात पोरांच्या करमणुकीचं कॉमिकमधलं पात्र, अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर सैनिकांचा हुरूप वाढवायला काढलेलं, आणि हल्लीचे लेखक त्याला उगाच इतिहासात आणि राजकारणात ओढतात म्हणून वाचक चिडतात. मी हे पात्र लहानपणापासून वाचतोय त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी तारखेचं बघू. पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलंय पण अंक स्टॉलवर आला २० डिसेंबर १९४० ला, आणि ज्या जपानी हल्ल्यामुळे अमेरिका युद्धात ओढली गेली तो पर्ल हार्बरवरचा हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. म्हणजे अमेरिका युद्धात पडायच्या जवळजवळ वर्षभर आधी, देशात बरेच लोक युरोपच्या भांडणात आपण पडायचं नाही असं म्हणत असताना, हे कव्हर बाजारात होतं. ते कव्हर एकदा नीट बघा. कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय, हिटलर मागच्या मागे कोलमडतोय, चारी बाजूंनी नाझी सैनिक गोळ्या झाडतायत आणि एक गोळी ढालीवर आपटतेय. ढालही अजून गोल झालेली नाही, खाली निमुळती होत गेलेली आहे, गोल ढाल दुसऱ्या अंकापासून आली. आता जो देश अजून युद्धात नाही तिथल्या कॉमिकच्या कव्हरवर एका जिवंत राष्ट्रप्रमुखाला ठोसा, याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

आणि हे काढणारे कोण, तर जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघंही ज्यू. कर्बीचं खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत वाढलेला. त्याच शहरात २० फेब्रुवारी १९३९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकन बुंड या अमेरिकेतल्या नाझी समर्थकांच्या संघटनेची सभा भरली होती, वीस हजारांच्या आसपास माणसं, स्टेजवर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र आणि बाजूला स्वस्तिकं. हे सगळं आपल्याच गावात चाललेलं बघणाऱ्या पोरांनी तो ठोसा काढलाय.

वाचकांची चीड तेव्हाही होतीच की. अंक तुफान खपला, आणि त्याबरोबर ऑफिसात शिव्यांची, धमक्यांची पत्रं यायला लागली, फोन यायला लागले, बिल्डिंगबाहेर संशयास्पद माणसं घुटमळायला लागली, शेवटी पोलीस ठेवावे लागले. सायमनने पुढे सांगितलंय की न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः फोन करून तुम्हाला काही होऊ देणार नाही असा शब्द दिला. कर्बी तर पुढे स्वतः सैनिक म्हणून ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरला आणि त्या हिवाळ्यात थंडीने त्याचे पाय इतके गोठले की कापावे लागतात की काय अशी वेळ आली होती. मला हे फार मोठं वाटतं. जे कागदावर काढलं त्यासाठी माणूस स्वतः गेला.

आता तुमच्या लेखात ज्या सिरीजवर एका ओळीत फुली मारलीय तिच्याकडे येतो. 'ट्रुथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक', २००३ ची, सात अंकांची, रॉबर्ट मोरालेसचं लेखन आणि काइल बेकरची चित्रं. कथा अशी की ज्या औषधाने कॅप्टन घडला ते सुपरसैनिक बनवणारं औषध परत तयार करायला लष्कर काळ्या सैनिकांवर प्रयोग करतं, त्यातून आयझाया ब्रॅडली वाचतो, कॅप्टनचा पोशाख घालून मोहिमेवर जातो आणि परत आल्यावर त्यालाच कोर्ट मार्शल करून तुरुंगात टाकतात. हे जाहीर झाल्या झाल्या, अंक हातात यायच्याही आधी, कॅप्टन काळा कसा काय म्हणून आरडाओरडा सुरू झाला. न वाचता!

हे हवेतून आलेलं नाही. अलाबामात टस्कीगीला १९३२ पासून सरकारच्याच आरोग्य खात्याने ६०० काळ्या पुरुषांवर अभ्यास चालवला होता, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना सांगितलं काय तर तुमचं रक्त खराब आहे. पुढे त्यावर पेनिसिलिन हे औषध आलं, सगळीकडे मिळायला लागलं, तरी यांना दिलं नाही, १९७२ मध्ये पेपरात फुटलं तेव्हा कुठे थांबलं. आणि युद्धाचा संबंध इथेच आहे बघा, भरतीच्या वेळी तपासणीत ज्यांचा आजार सापडायचा त्यांच्यावर लष्कर उपचार करायला लावायचं, तर या माणसांची नावं भरती मंडळाला देऊन त्यांना उपचारातून वगळायला सांगितलं गेलं. माझ्या अंगावर काटा येतो हे लिहिताना. कॉमिकमधलं औषध खोटं आहे, पण त्यामागची बेपर्वाई खरी आहे.

सगळ्याच तक्रारी मी उडवून लावत नाहीये. कुणी म्हणालं की कोवळ्या वयाच्या वाचकाला औषधाची गोष्टही खरीच घडली असं वाटेल, तर ती काळजी रास्त आहे. बेकरची गोलमटोल, मोठ्या चेहऱ्यांची चित्रं इतक्या भीषण कथेला शोभत नाहीत असंही बरेच म्हणाले, पहिल्या वाचनात मलाही तसंच वाटलेलं, नंतर मत बदललं, कारण तेच हसरे चेहरे पुढच्या अंकांत एकेक करून नाहीसे होतात आणि ते जास्त लागतं.

तसंच मे २०१६ मध्ये खुद्द स्टीव्ह रॉजर्सच, म्हणजे मूळचा कॅप्टन अमेरिकाच, हायड्राचा (कॉमिकमधल्या नाझींशी जोडलेल्या खलनायकी संघटनेचा) माणूस निघाला असं दाखवलं तेव्हाही वाचक खवळले, पुढे त्याचा काहीतरी जादुई खुलासा आला तो सोडा. लेखकाला धमक्या देणं साफ चूक. पण दोन ज्यू मुलांनी नाझींविरुद्ध उभा केलेला माणूस तुम्ही त्या बाजूला कसा नेता, हे विचारणाऱ्यांना इतिहास पाठ होता म्हणून राग आला, आणि 'ट्रुथ'च्या वेळी ओरडणाऱ्या कितीतरी जणांना इतिहास समोर नको होता म्हणून राग आला. तुमच्या लेखात हे दोन्ही राग एकाच गाठोड्यात बांधलेत, माझी खरी तक्रार ती आहे.

सातव्या अंकाच्या शेवटी स्टीव्ह आयझायाला भेटायला त्याच्या घरी जातो. इतक्या वर्षांनंतर आयझायाचं मन लहान मुलासारखं झालंय. स्टीव्ह त्याला त्याचा तो फाटका पोशाख परत देतो आणि दोघं शेजारी उभे राहून फोटो काढतात. ज्यांना वाटत होतं की आयझाया आला म्हणजे स्टीव्हची जागा गेली, त्यांनी तेवढं एक पान तरी बघावं.

तेव्हा निदान तारखेची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती. आणि जमलं तर लेखकमहाशयांना ते सात अंक वाचायला सांगा, एका बैठकीत होतात.

आपला,
एक जुना वाचक